नोझल चेक स्वच्छ, तरी केशरी पिवळा

बॅनर छापायच्या इंकजेट प्रिंटरवर पहिला फूटभर बॅनर झकास आणि पुढे केशरी पिवळा पडत जातो, असं तुम्ही लिहिलंय. मग कुणी सुचवलं तरी हेड (शाई फवारणारा भाग) बदलायच्या भानगडीत लगेच पडू नका. केशरीतला मजेंटा (गडद गुलाबी शाई) आटला की उरणार पिवळाच. नोझल चेकला (हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का, ते बघायच्या छोट्या छपाईला) शाई लागते थेंबभर, त्यामुळे तो छान येतो आणि आपण फसतो. 100 टक्के मजेंटाचा मीटरभर लांब पट्टा पूर्ण रुंदीला मारून बघा. गडद सुरू होऊन फिका होत गेला, तर हेडला शाई पुरत नाहीये: डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी गाळणी-डबी) तुंबलाय किंवा नळीत हवा शिरलीय.

गणेशचवथीच्या तोंडावर म्हापशाला आमचं हेच झालं. हेडचं क्लीनिंग मारून मारून अर्धी बाटली शाई वेस्ट टँकात (वाया शाईच्या डब्यात) घातली (पैसे गेले ते वेगळेच), आणि नळीत तांदळाच्या दाण्याएवढे बुडबुडे डोळ्यांसमोर होते! नवा डॅम्पर घातला, सुटलो.

पट्टा शेवटपर्यंत एकसारखा आला तर मात्र प्रोफाइल (त्या मटेरियलसाठीची रंगांची सेटिंग) बघा. मटेरियल बदलतं, प्रोफाइल जुनंच राहतं. आणि पावसात विनाईलचा रोल उघडा ठेवू नका. मागचा कागद आपल्या दमट हवेत फुगतो, विनाईल उचलून हेडला घासतं.