शब्दचर्चा : पुनरुत्थान, पुनर्जन्म, पुनर्जीवन

विचारणा

ईस्टरच्या सुमारास मराठी वर्तमानपत्रांत दरवर्षी तीन वेगवेगळे शब्द वाचायला मिळतात. कुणी लिहितं ‘येशूच्या पुनर्जन्माचा दिवस’, कुणी ‘येशू पुन्हा जिवंत झाला तो दिवस’, तर कुणी ‘पुनरुत्थानाचा सण’. हे शब्द समानार्थी धरावेत का? कॅथलिक घरांत, चर्चमध्ये नेमकं काय म्हणतात? आणि या शब्दाला चिकटून ‘पुनरुत्थानाची आशा’ असा प्रयोग येतो, त्यातली आशा कसली?

उत्तर (वसईहून)

समानार्थी धरू नका. ‘पुनर्जन्म’ तर इथे साफ चुकीचा आहे, आणि तो दरवर्षी छापून येतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्या एका शब्दाने सणाचा सगळा अर्थच पालटतो.

पुनर्जन्म म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त येतो. आत्मा तोच, देह दुसरा. जुना देह मागे राहतो, नवा जन्म, नवे आईबाप, नवं नाव, आणि हा फेरा मोक्ष मिळेपर्यंत चालू. ही एक मोठी आणि पूर्ण विचारपद्धती आहे आणि तो शब्द तिचा आहे. कॅथलिक श्रद्धा त्या वाटेने जात नाही. माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, असं बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात आहे आणि चर्चची शिकवणही तीच. ईस्टरच्या पहाटे येशू दुसऱ्या कुणाच्या पोटी जन्माला आला नाही. शुक्रवारी क्रूसावर खिळलेला, कबरेत ठेवलेला तोच देह उठला. थोमा या शिष्याला त्याने हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा आणि कुशीतली जखम दाखवली. देह बदलला असता तर जखमा कुठून आल्या असत्या?

‘पुन्हा जिवंत झाला’ हा प्रयोग चूक म्हणवत नाही. आम्हीही बोलताना तसं म्हणतो. पण ‘पुनर्जीवन’ एवढंच लिहिलं तर अपुरं पडतं. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, त्याने तिघांना मरणातून परत आणल्याच्या गोष्टी आहेत : याईराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा तरुण मुलगा आणि बेथानीचा लाजर. लाजर चार दिवस कबरेत होता, हाक ऐकून प्रेतवस्त्रांसकट बाहेर आला. ते पुनर्जीवन. तो होता त्याच आयुष्यात परतला आणि पुढे केव्हातरी पुन्हा मेला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात हा फरक मुद्दाम स्पष्ट केलेला आहे : ख्रिस्ताचं उठणं म्हणजे या तिघांसारखं मागच्या जीवनात परतणं नव्हे. तो मरणाच्या पलीकडे गेला. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो, तो आता पुन्हा मरत नाही, मरणाची त्याच्यावर सत्ता उरलेली नाही.

म्हणूनच शुभवर्तमानांतल्या ईस्टरच्या गोष्टी इतक्या अनोख्या आहेत. उठण्याचा क्षण कुणीच पाहिलेला नाही, कुठल्याही शुभवर्तमानात त्याचं वर्णन नाही. रिकामी कबर आहे, बाजूला पडलेली वस्त्रं आहेत, आणि मग भेटी आहेत. मरिया मग्दालियाला तो बागेचा माळी वाटतो, तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा ओळख पटते. अम्माउसच्या वाटेवर दोघे शिष्य मैलोन् मैल त्याच्याशी बोलत चालतात आणि भाकर मोडेपर्यंत त्यांना कळत नाही हा कोण. तो भाजलेला मासा मागून खातो, म्हणजे भूत नव्हे. पण बंद दारं असताना मध्ये येऊन उभा राहतो, म्हणजे पूर्वीसारखाही नव्हे. तोच, पण पूर्वीचा नाही. हे दोन्ही एकदम सांगणारा शब्द हवा होता, आणि ‘पुनरुत्थान’ ते काम करतो.

पुरवणी (व्याकरणाच्या अंगाने)

शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘स्था’ म्हणजे उभं राहणं. संधीत स्था-मधला स लोपतो आणि ‘उत्थान’ होतं. त्याला ‘पुनर्’ लागून पुनरुत्थान. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या उत्तरभागाच्या, मूळ ग्रीकमध्ये ‘अनास्तासिस’ आहे. ‘अना’ म्हणजे वर, ‘स्तासिस’ म्हणजे उभं राहणं. ग्रीक ‘स्ता’ आणि संस्कृत ‘स्था’ एकाच मुळातून आलेले धातू आहेत, म्हणजे या मराठी शब्दात मूळ ग्रीकचं हाडच आहे. ग्रीकमध्ये दुसरंही क्रियापद येतं, ‘एगेइरो’. त्याचा अर्थ जागं करणं, उठवणं. यावरून एक सुचतं : मराठीतलं साधं ‘उठणं’ हे दोन्ही अर्थ सांभाळतं. झोपेतून उठतो तोही उठतो, आणि पडलेला उभा राहतो तोही उठतो.

उत्तर (वसईहून)

अगदी खरं, आणि प्रत्यक्षात तेच क्रियापद जास्त चालतं. मराठी ख्रिस्ती लोकांत ईस्टरला एक जण म्हणतो, ‘ख्रिस्त उठला आहे,’ दुसरा उत्तर देतो, ‘खरोखर उठला आहे.’ प्रवचनात, पाठात, श्रद्धेच्या अंगीकारात (उपासनेत सगळे मिळून म्हणतात ते श्रद्धासूत्र) ‘पुनरुत्थान’, आणि ओठांवर ‘उठला’. आजारातून माणूस उठला, असं आपण म्हणतो तेव्हा त्यात जो सुटकेचा श्वास असतो, तो या वाक्यातही असतो. शिवाय ‘देवाने त्याला उठवले’ असं प्रयोजक रूपही नव्या करारात वारंवार येतं. उठवणारा देवबाप आहे, हे विसरलं की पुनरुत्थान म्हणजे येशूने केलेला एक चमत्कार एवढंच उरतं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीची उपासना एकदा तरी पाहा, म्हणजे शब्दकोशापेक्षा लवकर कळेल. चर्चमधले दिवे बंद. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात. त्यावर मोठी पास्का (ईस्टरची) मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, चालू वर्षाचे आकडे, आणि पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच कण. ती मेणबत्ती अंधाऱ्या चर्चमध्ये नेताना तीनदा ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असा घोष होतो, आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. मग जुन्या करारातले सात पाठ असू शकतात. काही गाळले तरी चालतात, पण इस्राएल लोक समुद्र ओलांडतात तो निर्गम या ग्रंथातला पाठ गाळता येत नाही. ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून मुका असलेला ‘आलेलुया’ हा स्तुतिघोष त्या रात्री पुन्हा गायला जातो.

पुरवणी (गोव्याहून)

आमच्या कोंकणीत ‘ईस्टर’पेक्षा ‘पास्कांचें फेस्त’ घरोघरी रुळलेलं आहे. पोर्तुगीज ‘पास्कोआ’वरून आलं, ते लॅटिन-ग्रीक ‘पास्खा’वरून, आणि ते हिब्रू ‘पेसाख’वरून. मिसरच्या गुलामगिरीतून यहुद्यांची सुटका झाली त्या रात्रीचा सण. उठण्याला आम्ही ‘जिवंत जालो’ म्हणतो आणि नाम ‘पुनर्जिवंतपण’ असं करतो. वर ‘पुनर्जीवन’वर घेतलेला आक्षेप शब्दापुरता आमच्या शब्दालाही लागू होईल, पण आमच्याकडे ऐकणाऱ्याला लाजर आठवत नाही, पास्कच आठवतो. शब्द वापरणाऱ्यांनी त्यात जो अर्थ साठवला तोच खरा, असं मला वाटतं.

इंग्रजीतल्या ‘ईस्टर’चा उगम बीड या इंग्लंडमधल्या संन्याशाने आठव्या शतकात एओस्त्रे नावाच्या देवतेच्या महिन्याशी जोडला आहे. युरोपातल्या बहुतेक भाषांत मात्र पास्खाचीच रूपं चालतात. त्यामुळे सणाचा गाभा त्या देवतेत शोधू नये.

उत्तर (वसईहून)

गोव्याचं म्हणणं मान्य. पेसाखला मराठी बायबलने जो शब्द दिला आहे तो इथे आणलाच पाहिजे : वल्हांडण सण. वल्हांडणं म्हणजे ओलांडणं. संहारक दूत इस्राएलांची रक्त लावलेली दारं ओलांडून गेला, मग लोकांनी समुद्र ओलांडला, आणि ख्रिस्ताने मरण ओलांडलं. कॅथलिक उपासनेत यांतली पहिली गोष्ट पवित्र गुरुवारी संध्याकाळी वाचतात, बाकीच्या दोन ईस्टरच्या रात्री. आमच्या लोकांत सणाला ‘ईस्टर’च म्हणतात, पण मला विचाराल तर वल्हांडण हा शब्द या सणाच्या सगळ्यांत आत पोचतो. तो ख्रिस्ती मराठीबाहेर फारसा ऐकू येत नाही, तो ऐकू यायला हवा.

सणाची तारीखही तिथूनच येते. वल्हांडण पौर्णिमेचा सण, म्हणून ईस्टर चंद्रावर ठरतो : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. सगळ्या चर्चनी एकाच रविवारी सण पाळावा हे इ.स. ३२५ साली नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत ठरलं. पौर्णिमेच्या या नियमामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्ये फिरतो. आपल्या पंचांगाच्या भाषेत कधी फाल्गुनी पौर्णिमेनंतर, कधी चैत्री. २०२४ साली होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला होता, २०२५ साली हनुमान जयंतीनंतर, २० एप्रिलला.

प्रश्न

शुक्रवारी दुपारी मृत्यू आणि रविवारी पहाटे कबर रिकामी. मग ‘तिसऱ्या दिवशी’ कसं?

उत्तर

मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. आपण तेरावा मोजतो तो मृत्यूचा दिवस धरून. तसंच इथे : शुक्रवार पहिला, शनिवार दुसरा, रविवार तिसरा.

प्रश्न

आता ‘आशा’. मराठीत आशा हा जरा दुबळा शब्द नाही का? वेडी आशा, खोटी आशा, आशाळभूत. ‘पाऊस पडेल अशी आशा आहे’ म्हणजे पडेलच असं नाही.

उत्तर (वसईहून)

दुबळा आहे खरा, पण बदलू नये असं मला वाटतं. विश्वास, आशा, प्रीती या तिघींतली ही मधली, आणि पौलापासून तिचं वजन वेगळं आहे. इब्री लोकांस पत्रात तिला जिवाचा नांगर म्हटलं आहे. रोमच्या भुयारी दफनभूमींत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी कबरींच्या दगडांवर नांगर कोरले ते याच अर्थाने. आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना नांगर समजावून सांगावा लागत नाही. होडीवरून तो दिसत नाही, खाली रुतलेला असतो, आणि होडी त्याच्यावरच थांबलेली असते. कॅथलिकाची आशा ही ‘होईल कदाचित’ अशी नाही. एक जण आधीच उठलेला आहे, त्यावर ती रुतलेली आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल हे उलट बाजूनेही स्पष्ट सांगतो : ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. इतकं सगळं त्याने एका गोष्टीवर लावलं आहे. त्याच अध्यायात ख्रिस्ताला तो निद्रा घेणाऱ्यांतलं ‘प्रथमफळ’ म्हणतो. पहिलं फळ हाती आलं, बाकीचं पीक यायचं आहे.

म्हणून श्रद्धेच्या अंगीकारात आम्ही आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही, ‘देहाचे पुनरुत्थान’ असं म्हणतो. ज्या हातांनी आईने जेवू घातलं त्या हातांनाही देव विसरत नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो. नुसता आत्मा वाचला तर अर्धा माणूस वाचला.

याचा ठसा मरणाच्या शब्दांवर दिसतो. वसईकडच्या दुःखद निधनाच्या बातम्यांत ‘ख्रिस्तवासी’, ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ असे प्रयोग येतात. निद्रिस्त हा सौम्यपणासाठी वापरलेला शब्द नाही, झोपलेला उठतो म्हणून वापरलेला आहे. ग्रीकमध्ये दफनभूमीला ‘कोइमेतेरिओन’ म्हणत, म्हणजे झोपण्याची जागा. गोव्यातलं ‘सिमितेर’ त्याच शब्दाचं पोर्तुगीजमार्गे आलेलं रूप. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ठरवलं की अंत्यविधीत मरणाचं पास्काशी असलेलं नातं अधिक स्पष्ट दिसावं. पुढे अंत्यविधीत धर्मगुरूंचा काळ्याऐवजी जांभळा किंवा पांढरा झगा चालू लागला. चर्चमध्ये शवपेटीजवळ तीच पास्का मेणबत्ती पेटवतात, जी ईस्टरच्या रात्री अंधारात आत आणली होती. आणि अंत्यविधीच्या मिस्साच्या (ख्रिस्तयागाच्या) प्रार्थनेत म्हटलं जातं की श्रद्धावंतांचं जीवन बदलतं, संपत नाही.

प्रश्न

देह उठणार म्हणूनच दफन करतात का? दहन केलं तर?

उत्तर

दफनाला पसंती आहे, देहाच्या मानासाठी. पण दहनाची परवानगी १९६३ पासून आहे. देवाने उठवायला अस्थी शाबूत हव्यात असं चर्च कधीच म्हणत नाही, नाहीतर समुद्रात बुडालेल्यांचं आणि आगीत जळालेल्या हुतात्म्यांचं काय? व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनापत्रात एवढंच सांगितलं की राख उधळू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी.

प्रश्न

‘पक्षाचे पुनरुत्थान’, ‘उद्योगाचे पुनरुत्थान’ असे मथळे येतात. ते खटकतात का?

उत्तर (वसईहून)

शब्द सगळ्यांचा आहे, माझी हरकत नाही. तिथे ‘पुनरुज्जीवन’ जास्त चांगलं बसेल एवढंच. उद्योग पूर्वीसारखा चालू झाला, म्हणजे लाजरासारखा परतला.

मूळ विचारणेपुरतं : बातमीत ‘येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण’ किंवा ‘येशू मरणातून उठला तो दिवस’ असं लिहावं. गुड फ्रायडेला शुभेच्छा देऊ नयेत, तो शोकाचा आणि उपवासाचा दिवस. ईस्टरच्या शुभेच्छा द्यायला मात्र रविवार चुकला तरी हरकत नाही. पेन्टेकॉस्टपर्यंतचे (पवित्र आत्मा शिष्यांवर उतरल्याचा सण) पन्नास दिवस चर्चमध्ये ईस्टरचाच काळ चालू असतो.