मदत हवी आहे: 'पाठदुखी घरपोच मिळवा' अशी जाहिरात चालवून बसलोय

मंडळी, ऑफिसच्या खुर्च्या विकणाऱ्या एका वेबसाइटच्या गूगल सर्च जाहिराती सध्या माझ्याकडे आहेत. लोक जे शोधतात तेच शब्द जाहिरातीत दिसावेत म्हणून मथळ्यात कीवर्ड इन्सर्शन, म्हणजे मथळ्यात कीवर्ड (शोधशब्द) आपोआप भरणारी सोय, लावलं. महिरपी कंसात कीवर्डचा कोड आणि पुढे 'घरपोच मिळवा'. खुर्च्यांच्या नावांना ते झकास बसलं. पण कोणत्या शोधांवर जाहिरात दाखवायची त्या कीवर्डच्या यादीत मीच हौसेने 'पाठदुखी' हाही कीवर्ड टाकला होता, तो विसरलो. दोन दिवस लोकांना पाठदुखी घरपोच देत होतो. हसून घ्या, मीही हसलो. क्लिक बरे आले, विक्री शून्य.

माझा गैरसमज असा होता की माणसाने टाइप केलेलं तसंच्या तसं मथळ्यात येतं. तसं नाही. येतो तो आपल्या यादीतला, त्या शोधाशी जुळलेला कीवर्ड, आणि तो 30 अक्षरांत मावला नाही तर आपण दिलेला पर्यायी मजकूर. आता तो कोड काढून टाकलाय.

मग सर्च टर्म्स रिपोर्ट (लोकांनी प्रत्यक्षात काय शोधलं त्याची यादी) उघडला तर तिथे वेगळीच जत्रा. ब्रॉड मॅचमुळे (कीवर्डशी संबंधित इतर शोधांवरही जाहिरात दाखवणारी सेटिंग) 'खुर्चीची चाकं बदलणे' पासून 'खुर्ची दुरुस्ती' पर्यंत सगळ्यावर पैसे गेलेत. 'दुरुस्ती' निगेटिव्हमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात नको त्यांच्या यादीत) टाकलं, तरी 'रिपेअर'वाले येतच राहिले. निगेटिव्हला समानार्थी शब्द कळत नाहीत, एकेक हाताने भरावे लागतात.

आता प्रश्न. चाळीसेक कीवर्ड एकाच ॲड ग्रुपमध्ये (त्याच जाहिराती वापरणाऱ्या कीवर्डच्या गटात) कोंबलेत. ते हेतूनुसार फोडावेत असं वाटतंय: पाठ दुखते म्हणून शोधणारे वेगळे, मॉडेलचं नाव टाकणारे वेगळे, किमतीची तुलना करणारे वेगळे, प्रत्येकाला आपले मथळे आणि आपलं लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पान). पण क्लिक आधीच कमी, त्यात तीन वाटण्या केल्या तर कुठला मथळा चालतोय हे कळायला किती थांबायचं?

दुसरं, रिस्पॉन्सिव्ह जाहिरातीत (जिथे मथळ्यांची जुळणी गूगल स्वतः करतं) 15 मथळे देता येतात, मी आठ दिलेत. त्यातला नेमका मथळा पहिल्या जागी पिन केला (तिथेच पक्का बसवला) की ॲड स्ट्रेंग्थ, म्हणजे जाहिरातीला गूगल देतं तो शेरा, लगेच 'गुड'वरून 'ॲव्हरेज'वर घसरते. कुठली जाहिरात दाखवायची हे ठरवणाऱ्या लिलावात ती धरत नाहीत हे माहीत आहे, पण क्लायंटला तोच शेरा दिसतो आणि लगेच फोन येतो. तुम्ही पिन करता का?

आणि पाठदुखीवाल्यांना ठेवू की काढू? ते खुर्ची शोधतच नाहीत, पण खरी गरज त्यांनाच आहे असं राहून राहून वाटतं.