काजू बी घेताना दिलेले कोरे चेक व्यापारी बँकेत टाकणार. अटक होईल का?

काजूवाला_वेंगुर्ला:
भागीदारीत काजू प्रक्रियेचं युनिट आहे. १२ लाखांची बी उधारीवर घेतली, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला ४-४ लाखांचे तीन चेक सिक्युरिटी म्हणून दिले. सही माझी, तारीख कोरी. मुंबईची वसुली अडकलीय, काजूगर पडून आहे. चेक दिल्यानंतर दीड लाख गूगल पेने दिले. आता तो चेक टाकतो म्हणतो. खातं बंद करू का? पत्नी भागीदार आहे, पण कारभार बघत नाही. तिच्यावरही केस होते का?

वकील_ओरोस:
खातं बंद करू नका, स्टॉप पेमेंटही देऊ नका. त्या कारणाने परतलेला चेकही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ (चेक न वटण्याचा गुन्हा) खाली येतो, वर तुमचा हेतू वाईट दिसतो.

नुसते पैसे नसणं हा गुन्हा नाही. चेक परतला की बँकेचा मेमो (चेक परतल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याने लेखी नोटीस द्यायची. ती तुमच्या हातात पडल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर गुन्हा होत नाही. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तो कोर्टात तक्रार करू शकतो. म्हणून नोटीस आली की पाकिटावर तारीख घाला, पाकीट जपून ठेवा. 'घेतली नाही' म्हणून परत पाठवाल तर बरोबर पत्त्यावर रजिस्टरने आलेली नोटीस पोचली असंच धरतात.

तक्रार थेट मॅजिस्ट्रेटकडे जाते, गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे पोलीस दारात येत नाहीत. समन्स टाळलं तर मात्र वॉरंट निघतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोप नाकारल्यावर कोर्ट चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम (निकालाआधीची) भरपाई भरायला लावू शकतं, हे २०१८ च्या दुरुस्तीपासून.

'सिक्युरिटी' आणि 'कोरा चेक' या बचावांवर विसंबू नका. देणं खरंच थकलेलं असेल तर ते बहुधा टिकत नाहीत.

हिशेबनीस_कुडाळ:
दीड लाख पाठवताना कुठल्या बिलापोटी ते लिहिलं होतं का?

काजूवाला_वेंगुर्ला:
नाही, नुसते पाठवले.

हिशेबनीस_कुडाळ:
मग ते कुठल्या बिलात वळते करायचे हे करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे व्यापारी ठरवू शकतो. चेकनंतर अंशतः फेड झाली, ती चेकवर नोंदवली नाही आणि पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर त्या चेकवर १३८ लागत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. पण तुमचं देणं अजून साडेदहा लाख आहे. म्हणजे हा बचाव फार तर एका चेकला, उरलेले दोन चेक तसेच उभे. यापुढे प्रत्येक रकमेला बिल नंबर लिहा आणि त्याच्याकडून खातेउतारा सहीनिशी घ्या.

वकील_ओरोस:
पत्नीबद्दल: नुसतं भागीदार असून फौजदारी जबाबदारी येत नाही. त्या रोजच्या व्यवहाराला जबाबदार होत्या हे तक्रारीत यावं लागतं. दिवाणी बाजू मात्र वेगळी, फर्मचं देणं प्रत्येक भागीदाराच्या स्वतःच्या मिळकतीवरही येतं.

आणि केस चालेल ती त्याने ज्या शाखेतल्या आपल्या खात्यात चेक भरला तिथे. कोल्हापुरात भरला तर दर तारखेला तुम्हाला आंबोली घाट चढावा लागेल. त्याआधीच तडजोड करा. स्टॅम्पपेपरवर तिन्ही चेकचे नंबर लिहा, मूळ चेक परत घ्या, हप्ते आरटीजीएसने द्या. दिवाळीच्या मागणीत काजूगर निघतो, मोठा हप्ता त्यानंतरचा धरा. हप्त्यांचे नवे चेक शक्यतो देऊ नका, असा चेक परतला की नवा गुन्हा. केस दाखल झाली तरी लोकअदालतीत मिटवता येते, पण तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, हप्ता चुकला की थेट वसुली.

बागायतदार_देवगड:
हे चेक सोडवायला सावकाराकडे जाऊ नका. तोही आधी कोरे चेकच मागतो. गेलातच तर परवाना बघा. विनापरवाना सावकारी महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्था सहायक निबंधकांकडे करता येते.