ओझर ते दिल्ली: ९९० किलोमीटरला दोन तास का?

एकाने विचारलंय की ओझर (नाशिकचा विमानतळ) ते दिल्ली हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आत, जेट ताशी ८०० किलोमीटरने उडतं, मग सव्वा तासाऐवजी तिकिटावर दोन तासांच्या आसपास वेळ का?

तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान ओझरला जागेवरून हलतं तेव्हा घड्याळ सुरू होतं आणि दिल्लीत जागेवर उभं राहिलं की थांबतं. दिल्लीत उतरल्यावर टर्मिनलपर्यंत जमिनीवरच पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. शिवाय ८०० हा वेग उंचीवर गेल्यानंतरचा. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो. दिल्लीच्या आकाशात गर्दी असली की घिरट्या वेगळ्याच.

अंतराचंही तसंच. ९९० किलोमीटर, म्हणजे साधारण ५३५ सागरी मैल, ही पृथ्वीच्या गोलाईवरची सर्वांत जवळची रेषा. विमान मात्र ठरलेल्या मार्गाने आणि धावपट्टीच्या दिशेनुसार वळसा घेऊन जातं.

हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे जोरात असतात. दिल्ली आपल्या उत्तरेला, किंचित पूर्वेकडे, त्यामुळे जाताना त्यांची थोडीच मदत होते आणि परतताना तेवढाच अडथळा. मुंबई-कोलकाता मार्गावर हा फरक जास्त जाणवतो.

हैदराबादचं अंतर सुमारे ५७० किलोमीटर, पण एटीआर हे पंख्याचं विमान असेल तर वेग ताशी ५०० च्या आसपास. म्हणून निव्वळ अंतरावरून वेळ काढू नका. आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून निघणाऱ्यांनो, आडगाव नाक्यापासून विमानतळाच्या वाटेवरच्या ‘दहावा मैल’ या ठिकाणापर्यंतची वाहतूक आधी हिशोबात धरा, हे कळकळीने सांगतो.