नव्या कोरिओग्राफीच्या फेस्टिव्हलमध्ये 'आधी कुठेही झालेलं नको' ही अट कशाला?

अर्धवर्तुळ:
गेल्या आठवड्यात एका स्वतंत्र कंटेम्पररी डान्स फेस्टिव्हलचा फॉर्म भरायला घेतला आणि तिसऱ्याच प्रश्नाला अडले. 'ही रचना याआधी कुठे सादर झाली आहे का?' हो म्हटलं की फॉर्म पुढे सरकतच नाही. हा एकच फेस्टिव्हल असा असता तर सोडून दिलं असतं, पण नव्या कोरिओग्राफीसाठी म्हणून जे भरतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच बघतेय, म्हणून इथे मांडते. ही अट काढा असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या प्रयोगापर्यंत रचना कच्चीच असते आणि ती नेमकी कुठे कच्ची आहे हे तो प्रयोग झाल्यावरच कळतं.

आमचंच सांगते. १८ मिनिटांचं ड्युएट, चार महिने तालीम. अकराव्या मिनिटाला आम्ही दोघी पाठीला पाठ लावून उभ्या असतो आणि हात कुठेही न टेकता, एकमेकींच्या वजनावर हळूहळू खाली बसतो. तालमीत याला ४० सेकंद लागायचे, कारण तोवर टीशर्ट घामाने भिजलेले असायचे, पाठी चिकटून राहायच्या, तिचा श्वास मला माझ्या फासळ्यांत कळायचा. स्टेजवर एसी जोरात आणि कपडे नवीन, गुळगुळीत. पाठी सटकल्या आणि १५ सेकंदांत आम्ही खाली. संगीत मात्र ४० सेकंदांचं, मग उरलेले २५ सेकंद दोघी नुसत्या बसून. सगळ्या रचनेचा कणा तोच होता हो. मेकअप उतरवता उतरवताच आम्हाला कळलं काय बदलायला हवं, पुढच्या महिन्याभरात बदललंही. पण आता दाखवायचं कुठे? प्रत्येक फॉर्म म्हणतो नवीन आणा.

आणि हे आमच्यापुरतं नाही. रशियन नर्तक-कोरिओग्राफर निजिन्स्कीचं बॅले 'राइट ऑफ स्प्रिंग', २९ मे १९१३, पॅरिस, पहिल्या रात्री प्रेक्षागृहात झालेला गोंधळ सगळ्यांना माहीत असतो. पण ती पहिली रात्र धरून पॅरिस आणि लंडन मिळून त्या कोरिओग्राफीचे जेमतेम आठ-नऊ प्रयोग झाले आणि ती बंद पडली हे फारसं कुणी सांगत नाही. स्ट्राविन्स्कीचं संगीत कागदावर होतं, ते मैफिलींत वाजत राहिलं. नाच हरवला. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या जॉफ्री बॅले या कंपनीने तो पुन्हा उभा केला तो जुनी चित्रं, नोंदी, माणसांच्या आठवणी असं सगळं वर्षानुवर्षं गोळा केल्यावर. एकदा नाचून सोडून दिलेल्या नाचाचं असं होतं.

विंगेतला:
तुमच्या ड्युएटबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं, पण अट काढा म्हणताय त्याला माझा ठाम विरोध. मी आणि माझे मित्र सहा वर्षं एक छोटा फेस्टिव्हल चालवतोय, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगतो. तिसऱ्या वर्षी आम्ही ही अट काढून बघितली होती. आठ स्लॉट होते, पाच गेले आधी तीन-चार ठिकाणी फिरून आलेल्या रचनांना. निवडणाऱ्यांनी काही लबाडी केली नाही, त्यांनी समोर आलेलं बघितलं. एकीकडे तीन कॅमेऱ्यांनी शूट केलेला, लाइट लागलेला, एडिट केलेला व्हिडिओ आणि दुसरीकडे बंद खोलीत फोन भिंतीला टेकवून काढलेली चार मिनिटं आणि खाली 'मला यातून असं करून बघायचंय' एवढी एक ओळ. तयार वस्तू आणि कल्पना समोरासमोर ठेवल्या की तयार वस्तू जिंकते, दर वेळी जिंकते, तुम्ही कितीही मोकळ्या मनाने बसा. पुढच्या वर्षी आम्ही अट परत आणली.

आणि ही असली व्यासपीठं सुरूच झाली नाकारलेल्यांसाठी. १९६२ ला न्यूयॉर्कमध्ये इव्हॉन रेनर, स्टीव्ह पॅक्स्टन वगैरे तरुण नर्तक मंडळींना एका प्रतिष्ठित सभागृहाच्या तरुण कोरिओग्राफरांच्या कार्यक्रमात घेतलं नाही, म्हणून ती जडसन मेमोरियल चर्चमध्ये गेली आणि ६ जुलैच्या रात्री १४ जणांच्या २३ रचना झाल्या, तीन तासांच्या वर कार्यक्रम, तिकीट नाही, ऐन उकाड्यात. त्या रात्री 'पक्कं झालेलं आणा' म्हटलं असतं तर पुढे ज्याला आपण पोस्टमॉडर्न डान्स म्हणतो, रोजच्या साध्या हालचालींनाही नाच मानणारा, तो कुठून आला असता?

सातवी रांग:
मी नाचत नाही, फक्त बघते, पण भरपूर बघते. प्रेक्षक म्हणून माझं मत अर्धवर्तुळ यांच्या बाजूने आहे. एका संध्याकाळी सहा रचना, सहाही पहिल्यांदाच होणाऱ्या, त्यातल्या चारांत मला मध्येच कळतं की इथे यांना अजून सापडलेलं नाही. कळतं आणि हळहळ वाटते, कारण ज्या दोन मिनिटांत सापडलेलं असतं ती दोन मिनिटं अंगावर काटा आणणारी असतात. पुढच्या वर्षी मला तेच परत बघायचं असतं, कुठपर्यंत गेलं ते. पण तीच माणसं भलतंच काहीतरी नवीन घेऊन येतात आणि तेही अर्धंच.

चेन्नईच्या कोरिओग्राफर चंद्रलेखांची रचना 'शरीर' २००१ सालची. त्या २००६ च्या डिसेंबरात गेल्या, त्यानंतरही ते होत राहिलं, तिशानी दोशी त्यात १५ वर्षं नाचल्या. एकच रचना तेच शरीर इतकी वर्षं नाचतंय म्हणजे त्या शरीराचं वयही त्या रचनेत उतरणार ना. एकाच रात्रीच्या फेस्टिव्हलमध्ये हे कुठून मिळणार.

पाचवा ठोका:
ताई, रागावू नका पण तुमचा धागा वाचून मला भीतीच वाटली. मी २३ वर्षांची आहे, मागच्या वर्षी पहिल्यांदा नऊ मिनिटांचा सोलो केला आणि तो घेतला गेला तो फक्त या अटीमुळेच. माझ्याकडे ना व्हिडिओ होता, ना कुठल्या मोठ्या गुरूंचं नाव, ना कुठली रेसिडेन्सी (एखाद्या संस्थेत राहून काम करायची संधी), मी कुणाच्या ग्रुपमध्येही नाही. रांगेत माझ्यापुढे दहा-दहा वर्षं काम केलेले लोक त्यांच्या पक्क्या रचना घेऊन उभे असते तर माझा नंबर कधी लागला असता? तुम्हाला दुसरा प्रयोग हवाय हे कळतं मला, पण आमच्यातल्या कितीतरी जणांचा पहिलाच व्हायचाय अजून.

अर्धवर्तुळ:
@पाचवा ठोका, रागावेन कशाला, तू म्हणतेस ती भीती खरी आहे. मी 'जुनं आणि गाजलेलं आणा' म्हणत नाहीये. ज्या रचनेचे तीनपेक्षा जास्त प्रयोग झालेले नाहीत तीच आणायची अशी अट घाला, फिरून आलेली मंडळी आपोआप बाहेर. मग त्या रांगेत पुढच्या वर्षी तुझा नऊ मिनिटांचा सोलोही असेल. आत्ता काय होतंय, त्याच फेस्टिव्हलला परत जायचं तर तुला तो सोलो टाकून नवीन करावं लागतंय. केलास का गं परत कुठे तो?

@विंगेतला, जडसनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. रेनरने 'ट्रायो ए' पहिल्यांदा केलं १९६६ च्या जानेवारीत, त्याच चर्चमध्ये, तिघांनी एकाच वेळी. पाचेक मिनिटांचा तुकडा, नाचणारा प्रेक्षकांकडे एकदाही बघत नाही. तो तिने सोडला का? त्यानंतर कितीतरी वेळा केला, वेगवेगळ्या रूपांत केला, नाच न शिकलेल्यांनाही शिकवला. नाकारलेल्यांना जागा मिळाली हे तुम्ही सांगितलंत, जागा मिळाल्यावर त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घासली हे मी सांगतेय.

आणि स्वतःची डान्स कंपनी असलेल्यांचं बघा. जर्मन कोरिओग्राफर पिना बाउश १९७३ ला वुपर्टाल शहरातल्या थिएटरला गेली, सुरुवातीला लोक दारं आपटून उठून जायचे. पण हाताशी थिएटर होतं, कंपनी होती, रिपर्टरी, म्हणजे पुन्हा पुन्हा करायच्या रचनांचा साठा, होती, त्यामुळे तिचं 'कॅफे म्युलर' १९७८ ला झालं ते ती २००९ मध्ये गेल्यानंतरही होतंच आहे. स्वतंत्र माणसाला रिपर्टरी कोण देणार? फेस्टिव्हल हीच आमची रिपर्टरी, दुसरं काही नाहीच आमच्याकडे.

पाचवा ठोका:
नाही केला परत. कुणी बोलावलंच नाही.

बाकावरून:
मूळ मुद्दाच बाजूला राहतोय. या फेस्टिव्हलांतल्या निम्म्या गोष्टींना नृत्य म्हणायचं का हे आधी ठरवा. मी गेलो होतो एका फेस्टिव्हलला, एक जण वीस मिनिटं खुर्ची इकडून तिकडे सरकवत होता. अशांना पहिला प्रयोगच नको, दुसऱ्याचं काय घेऊन बसलात.

सातवी रांग:
@बाकावरून, हे भांडण कोर्टापर्यंत जाऊन आलंय. फ्रेंच कोरिओग्राफर जेरोम बेल यांची १९९५ ची रचना २००२ मध्ये डब्लिनच्या डान्स फेस्टिव्हलला झाली, एका प्रेक्षकाने फेस्टिव्हलवर दावाच लावला, त्यातली नग्नता त्याला खटकली होतीच, शिवाय यात नाच म्हणावा असं काही नाही, माझी फसवणूक झाली असंही म्हणणं होतं. २००४ ला दावा फेटाळला गेला. पण यातली मला महत्त्वाची वाटते ती तारीख. १९९५ ची रचना २००२ ला दाखवत होते! सात वर्षं दाखवत राहिले म्हणून तर लोक तिच्यावर वाद घालण्याइतकी ती माहीत झाली. खुर्चीवाल्याची खुर्ची तुम्हाला एकदाच दिसली, त्याला ती परत सरकवायला मिळाली की नाही कोण जाणे.

फ्रंट लाइट:
मी लाइट करतो, अशा फेस्टिव्हलना बऱ्याचदा असतो. मला दोघांचंही अर्धवट पटतंय. रचना कच्ची दिसते त्याला प्रीमियरची अट जितकी कारण त्याहून जास्त कारण टेकचा, म्हणजे स्टेजवर लाइटसकट तयारी करायचा, वेळ आहे. एका संध्याकाळी सहा रचना म्हणजे सगळ्यांना एकच जनरल रिग, लाइटची एकच मांडणी. सकाळी मार्ली (नाचासाठी स्टेजवर अंथरायची व्हिनाइलची चादर) अंथरून टेप मारायची, लाइट टांगून फोकस करायचे, यात दुपारचे दोन वाजतात, मग प्रत्येकाला चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत जागा बघायच्या, साइड लाइट अंगावर कुठे पडतोय ते बघायचं, क्यू (कुठल्या क्षणी कुठला लाइट) लिहायचे आणि एक पूर्ण रन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. रन होतच नाही! लोक पहिल्यांदा सलग नाचतात ते थेट प्रेक्षकांसमोर. अर्धवर्तुळ ताई, तुमच्या पाठी सटकल्या ना, कपडे घालून त्या गार फ्लोअरवर एक रन झाला असता तर संध्याकाळच्या आतच कळलं असतं. सहाच्या जागी तीन रचना घ्या आणि प्रत्येकीला अर्धा दिवस द्या, मग नवीन का जुनी हा वाद निम्मा विझेल. आणि कापड कुठलं होतं ते सांगा, साइड लाइटमध्ये चमकणारं असेल तर सटकणारच.

विंगेतला:
@फ्रंट लाइट, तीन रचना घेतल्या की पाच जणांना नाही म्हणावं लागतं. हे पत्र मी दर वर्षी लिहितो आणि दर वर्षी लिहिताना हात जड होतो. शिवाय आठ रचना असल्या की आठ ग्रुपचे घरचे, मित्र, विद्यार्थी येतात आणि हॉल भरतो, तीनवर अर्धा रिकामा. रिकाम्या हॉलसमोर पहिला प्रयोग करणं काय असतं ते मी स्वतः केलंय.

@अर्धवर्तुळ, 'तीनपेक्षा जास्त नाही' ही अट मला सुचली नव्हती, ती विचार करण्यासारखी आहे हे मान्य. रिपर्टरीचा मुद्दाही लागला. तरी सगळे स्लॉट त्यासाठी उघडणार नाही. व्हिडिओचा प्रश्न तसाच राहतो, एकदा झालेल्या रचनेकडेही थोडाफार बरा व्हिडिओ असतोच आणि पहिल्यांदा येणारा त्यापुढे परत हरतो. म्हणून दोन्हींची निवड वेगवेगळी व्हायला हवी, एकाच ढिगातून नाही. आठातले दोन स्लॉट फक्त दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगासाठी, अर्ज वेगळा, आणि त्यात एकच प्रश्न विचारायचा, मागच्या वेळेनंतर काय बदललं. एवढं मी आमच्या लोकांसमोर ठेवू शकतो. याच्या पुढे नाही.

पाचवा ठोका:
म्हणजे नव्यांचे आठाचे सहा झाले. दादा, ते दोन गेलेले कोण असतील ते आम्हालाच माहीत असणार. मी माझा सोलो त्या दोनांत टाकेन, खोटं कशाला बोलू, टाकेनच. पण तरीही मला हे पूर्ण पटलेलं नाही. दोन वाढवून दहा का नाही करत?

विंगेतला:
दहा केले तर फ्रंट लाइट म्हणतात ती चाळीस मिनिटं तीस होतात. एक संध्याकाळ वाढवायची तर हॉलचं भाडं आणखी एका दिवसाचं. ते उभं करता आलं तर करतो, पण आत्ता शब्द देत नाही.

अर्धवर्तुळ:
आठातले दोन कमी आहेत असं मला अजूनही वाटतं, निम्मे हवेत. पण अर्ज निघाला की इथे टाका, आम्ही भरणार. @फ्रंट लाइट, सॅटिनसारखं चमकतं कापड होतं, तुमचा अंदाज बरोबर. आता साधं सुती घेतलंय, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि आत जायच्या आधी पाठीवर पाण्याचा हात फिरवतो. परवाच्या तालमीत ३८ सेकंद लागले. मार्लीवर अजून बघायचंय.