पावसाळ्यात धबधब्यांवर सरसकट बंदी, की वाट गावाच्या हाती?

रानवाटा

पाऊस लागला की दरवर्षी तोच आदेश निघतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यातून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि लगोलग पुणे जिल्ह्यातल्या धबधब्यांवर, घाटमाथ्यावरच्या पॉइंटांवर जमावबंदी आली. रायगड जिल्ह्यात देवकुंड धबधब्याची वाट तर बहुतेक पावसाळ्यांत बंदच असते. पूर्वी यासाठी कलम १४४ लावत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ लावतात. पद्धत तीच.

माझा या सरसकट बंदीला विरोध आहे. बंदी आली की गुन्हा दाखल होईल म्हणून देवकुंडजवळच्या पाटणूस गावचा वाटाड्या घरी बसतो आणि ज्यांना वाट ठाऊक नाही ती पोरं पहाटे नाका चुकवून भिऱ्याच्या जंगलात शिरतात. देवकुंडला जाताना ओढा ओलांडावा लागतो. खाली ऊन असेल, पण वर ताम्हिणीला जोराची सर आली की बघता बघता तोच ओढा छातीला लागतो आणि पलीकडे गेलेले पलीकडेच अडकतात. ताम्हिणीला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे हे नवलाचं नाही. पाण्याचा रंग बदलला की मागे फिरायचं, हे गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: रोजच्या माणसांची संख्या ठरवा, गावचा वाटाड्या सक्तीचा करा, दुपारनंतर कोणाला आत सोडू नका आणि कुंडात उतरायला पूर्ण बंदी ठेवा. साताऱ्याजवळ फुलांच्या कास पठारावर दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि स्थानिक समिती हे सगळं जमलं. मग इथे का जमू नये?

दोरखंड

साफ असहमत. कासचं उदाहरण इथे लागूच होत नाही. तो सपाट सडा, म्हणजे खडकाळ पठार आहे, तिथे नियम मोडला तर फुलं तुडवली जातात. देवकुंडला मोडला तर माणूस जातो.

मी शोधकार्यात असतो. माणूस भोवऱ्यात खाली ओढला गेला की खडकाच्या कपारीत अडकतो आणि पाणी ओसरेपर्यंत हाती लागत नाही. नातेवाईक काठावर बसून असतात. खाली उतरणारी पोरं कुठल्या पगारावर नसतात, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांमधली माणसं आपापली कामं टाकून येतात. त्यांचा जीव कोणी मोजायचा?

आणि एका वाटाड्यामागे वीस जणांचा घोळका असेल तर त्याचं ऐकणार कोण? नाक्यावरचा हवालदार 'बंद आहे' एवढं पाळून घेऊ शकतो. 'गुडघ्यापर्यंत चालेल' हे कोणीच पाळून घेऊ शकत नाही.

सामरदकर

मी अकोले तालुक्यातल्या सामरदचा. दोन कड्यांमधल्या अरुंद सांदण दरीत पावसाळ्यात आमच्या गावचं पोरगंसुद्धा उतरत नाही, सगळं पाणी त्या फटीतूनच खाली जातं. त्यासाठी कलेक्टरचा कागद लागत नाही. पण घाटघरचा कडा, रतनगड, पाचनईहून हरिश्चंद्रगड हेही त्याच आदेशात का घालता? तिथं तंबू लावून, पिठलं-भाकरी करून आमची घरं चालतात.

बंदी घालायचीच तर काजव्यांच्या दिवसांत घाला. मे संपता संपता हिरडा, बेहडा, सादडा काजव्यांनी भरतो आणि त्याच झाडाखाली गाड्यांचे दिवे, स्पीकर, शेकोट्या. नर-मादी एकमेकांना उजेडावरून शोधतात. तुमच्या दिव्यात त्यांना काय दिसणार? याबद्दल कोणी धागा काढत नाही.

अजून एक. दोरखंड दादा, वाटाड्याचं कोणी ऐकत नाही हे खरं, पण त्याचं कारण पैशात आहे. अर्ध्यातून मागं फिरवलं की लोक पैसे द्यायला तयार नसतात. दिवस वाया जातो, म्हणून नवखा वाटाड्या जीव मुठीत धरून पुढं नेतो.

मुक्ता_वाकड

सामरदकरांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. हे आधी कधी वाचलं नव्हतं.

मला गर्दीचं म्हणायचं आहे. १५ जून २०२५ ला पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडून चार जण गेले. तिथे ना अवघड चढ होता, ना डोह. धोकादायक ठरलेल्या पुलावर पेलणार नाहीत इतकी माणसं होती. म्हणजे संख्येची मर्यादा सगळीकडे हवी, अगदी गाडी दारात जाते तिथेही.

कड्यांचं मात्र वेगळं आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर धुकं आलं की दोन पावलांवरची धार दिसत नाही. पालथं झोपूनच खाली डोकवायचं हे जाणत्यांना माहीत असतं, पहिल्यांदा आलेल्याला नसतं. तंबू कड्यापासून लांब आणि अंधार पडल्यावर कड्याकडे कोणी नाही, एवढं तरी लेखी हवं.

रानवाटा

दोरखंड, शोधकार्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण गोव्यात जुलै २०२३ मध्ये मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यावर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर सरसकट बंदी आली आणि पुढे काही धबधबे पुन्हा उघडले. धोक्याचं आणि बिनधोक्याचं वेगळं करता येतं. आपल्याकडे तालुकेच्या तालुके एका आदेशात जातात, तक्रार त्याबद्दल आहे.

दोरखंड

वेगळं करायला ना नाही. दोन अटी सांगतो. पैसे वनसमितीकडे आगाऊ भरायचे आणि वाटाड्याने अर्ध्यातून परत आणलं तरी त्याला पूर्ण मिळायचे. आणि 'फिरा मागे' म्हटल्यावर जो फिरणार नाही, त्याला जागेवर दंड. एवढं झालं तर घाटघर, रतनगड, हरिश्चंद्रगड उघडे ठेवायला माझी हरकत नाही. देवकुंड मात्र जून ते सप्टेंबर बंदच हवं, त्यावर मी मागे हटणार नाही.

सामरदकर

पैसे आगाऊ समितीकडं, हे पटलं. येत्या ग्रामसभेत मांडतो.