पावसाळ्यातली संघबांधणी: कोणाला ठेवायचं, कोणाला घ्यायचं?

रामबाग_डगआउट
नमस्कार मंडळी. इंदुरातल्या आमच्या बेसबॉल क्लबाची निवड याच महिन्यात व्हायची आहे. सगळी मुलं १७ ते २२ वयाची. आपली काळी माती सप्टेंबर संपेपर्यंत खेळू देत नाही, त्यामुळे यादीचा निकाल आत्ताच लावायचा आहे. जागा १६. अडलंय ते असं:

शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, नोकरीसाठी पुण्याला चालला. त्याच्या जागी सॉफ्टबॉल खेळणारा एक चपळ मुलगा यायला तयार आहे. आमचा सगळ्यात वेगवान पिचर (चेंडू टाकणारा) वॉक फार देतो, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून फलंदाजाला पहिला बेस फुकट देतो, समितीतले दोघं म्हणतात त्याला काढा. पहिल्या बेससाठी दोन उमेदवार आहेत, एकाची सरासरी (हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, भागिले संधी) .२००, दुसऱ्याची .३००, दोघांनाही साधारण ३० संधी मिळालेल्या. शिवाय दोन क्रिकेटवाले येतो म्हणतात, त्यातला एक फास्ट बोलर.

रडार गन नाही. स्टॉपवॉच आणि मोबाइल आहेत. पारख कशी करावी?

होमप्लेटच्या_मागे
दादा, कॅचरचं, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं, नावच नाही तुमच्या यादीत. सुरुवात तिथूनच करा, कारण क्लबच्या पातळीवर सामने बहुतेक चोरलेल्या बेसवर (पिचर फेकत असताना धावपटूनं पळून गाठलेल्या पुढच्या बेसवर) जातात.

होमप्लेट (फलंदाज उभा असतो ती जागा) ते दुसरा बेस ३८.८ मीटर. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये (जाड ग्लव्हमध्ये) आपटल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ घ्या. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये हा वेळ २ सेकंदांच्या आसपास असतो. तुमच्याकडे २.२ आला तरी उत्तम. २.४ च्या पुढे गेला तर समोरचा संघ पळत सुटणार. पण एकट्या कॅचरला दोष देऊ नका. चांगल्या धावपटूला पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला साडेतीन सेकंद लागतात. पिचरनं पहिली हालचाल केल्यापासून चेंडू मिटमध्ये यायला १.४ लागले, तर कॅचरला २.१ उरतात. पिचरनंच १.७ खाल्ले, तर कोणताही कॅचर काही करू शकत नाही. म्हणून दोन्ही वेळा वेगवेगळ्या मोजा, नाहीतर चुकीचा माणूस यादीबाहेर जाईल.

आता सॉफ्टबॉलचा मुलगा. त्याची बेसं १८.२९ मीटरवर होती, इथे २७.४३. हात चपळ असतील, प्रश्न फेकीचा आहे. शॉर्टस्टॉपच्या उजव्या अंगाला खोल जाऊन उचललेला चेंडू पहिल्या बेसवर पोचवायचा म्हणजे ३५ मीटरच्या वर फेक, तीही पाय रोवायला वेळ न मिळता. दहा ग्राउंडर (जमिनीलगतचे फटके) द्या, त्यातले निदान चार त्याच्या बॅकहँडला, म्हणजे ग्लव्ह अंगासमोरून पलीकडे नेऊन उचलायचे. बॅटचा आवाज ते पहिल्या बेसचा मिट, एवढा वेळ मोजा. ४.४ सेकंदांच्या आत सातत्यानं येत असेल तर डोळे झाकून घ्या. सरळ आलेले जमतात आणि बॅकहँडचे उशिरा पोचतात, असं दिसलं तर तो सेकंड बेसचा खेळाडू आहे. तिथली फेक छोटी असते. आणि फेकायचा हात उजवाच आहे ना, तेही बघा. डाव्या हाताला सेकंड, शॉर्ट आणि थर्ड या तिन्ही जागी फेकण्यापूर्वी अंग वळवावं लागतं, तेवढ्यात धावपटू पोचतो.

चाचणी उघडीप असेल त्या दिवशी, कोरड्या चेंडूनं घ्या. भिजलेलं चामडं जड होतं आणि निसटतं. त्यावर मोजलेले आकडे काही कामाचे नाहीत.

डावखुरा_रिलीव्हर
पिचरला घाईनं काढू नका. वेग शिकवून येत नाही, नेम बराचसा सुधारतो. आधी वेग खरंच किती आहे ते काढा.

मोबाइल बाजूला, पिचर आणि प्लेट दोन्ही दिसतील असा ठेवा. २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा. हातातून सुटलेली फ्रेम ते प्लेटवरची फ्रेम मोजा. माउंडपासून (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यापासून) प्लेट १८.४४ मीटर असली तरी पिचर पुढे येऊन सोडतो, म्हणून १६.६ मीटर धरा. मग १४,३४० ला फ्रेमच्या संख्येनं भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. १२० फ्रेम म्हणजे साधारण ११९.५. ही वाटेतली सरासरी, रडार गन सुटतानाचा वेग दाखवते, तो थोडा जास्तच येतो. एक फ्रेम चुकली तर एक किलोमीटरचा फरक. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तीच चूक सात-आठ किलोमीटरची होते. काही स्वस्त मोबाइल मधल्या फ्रेम स्वतः तयार करून घालतात. त्यात चेंडू धूसर जोड होऊन दिसतो, असला मोबाइल नको.

मग नेम. तीस-तीस चेंडूंची दोन सत्रं घ्या, वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येक चुकलेला चेंडू कुठे गेला ते चौकटीत टिंबानं मांडा. टिंबं एकाच कोपऱ्यात, समजा उजव्या पिचरची वर आणि त्याच्या हाताच्या बाजूला, जमली असतील तर पुढचा खांदा लवकर उघडतोय. तीन महिन्यांत दुरुस्त होण्यासारखं आहे. टिंबं चहूकडे विखुरली असतील तर पुढचं पाऊल बघा. खडूची रेघ मारा. पाऊल दर वेळी बुटाच्या रुंदीपेक्षा जास्त सरकत असेल तर फेकच सारखी होत नाही, आणि त्याला वेळ लागतो.

हे सपाट फरशीवर करू नका. माउंड २५.४ सेंटिमीटर उंच असतो, उतार दर फुटाला एक इंच. सपाटीवर पाऊल आधी टेकतं आणि नेम वेगळाच दिसतो. प्लायवूडचा उतार करून छपराखाली ठेवा, वर रबरी चटई ठोका.

समितीला पटवायचं तर एक हिशेब सांगा. पिचरच्या एफआयपी या मोजमापात (जितकं कमी तितकं चांगलं) वॉकचं वजन ३ आणि स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) उणे २ असतं. म्हणजे दोन वॉक देऊन तीन स्ट्राइकआउट घेणारा बरोबरीत सुटतो. स्कोअरबुक काढून त्याचं हे प्रमाण बघा आणि मगच बोला. होमरनचं (मैदानाबाहेर मारलेल्या फटक्याचं) वजन १३ आहे, ते वेगळं लिहा.

एकशेबासष्ट_सामने
सरासरीवरून पहिला बेस ठरवू नका, कळकळीनं सांगतो. ३० संधींत .२०० म्हणजे ६ हिट, .३०० म्हणजे ९. फरक तीन चेंडूंचा, आणि ते तिन्ही कदाचित दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून निसटले असतील.

मोठ्या संघांनाही हे महागात पडलंय. मेजर लीगचा २०२० चा मोसम ६० सामन्यांचा झाला, त्यात शिकागो कब्ज संघाच्या काइल श्वार्बर या फलंदाजाची सरासरी .१८८. कब्जनं त्याला पुढचा करारच देऊ केला नाही. २०२१ मध्ये त्याने ३२ होमरन मारले, २०२२ मध्ये फिलाडेल्फियाकडून ४६, नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात) सर्वांत जास्त. डेव्हिड ऑर्टिझला मिनेसोटानं डिसेंबर २००२ मध्ये मोकळं केलं, पुढची त्याची सगळी कमाल बॉस्टनच्या वाट्याला आली.

कमी संधींत भरवसा ठेवायचा तो स्ट्राइकआउटवर आणि वॉकवर. दोघांचे मोजा. मग टीवरून (चेंडू ठेवायच्या खांबावरून) वीस-वीस फटके घ्या आणि कोणाचे किती फटके जमिनीला न लागता बेसच्या पलीकडे आउटफिल्डच्या गवतावर पडतात ते लिहा. दोघं सारखेच निघाले तर डाव्या हातानं फेकणारा घ्या, पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर फेकायला त्याला वळावं लागत नाही.

रामबाग_डगआउट
फार आभार. प्लायवूडचं काम उद्याच सांगतो. क्रिकेटवाल्यांचं काय? बोलरला थेट माउंडवर चढवायचा समितीचा विचार आहे.

होमप्लेटच्या_मागे
थेट नको. बोलिंगमध्ये कोपर सरळ राहतं, पिचिंगमध्ये वाकून उलगडतं. ताण सगळा कोपराच्या आतल्या बाजूला येतो आणि त्याचं कोपर त्याला सरावलेलं नाही. चेंडूही हलका, १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा १५६ ते १६३. हलका म्हणून पोरं जोर लावतात आणि दुखणं तिथेच सुरू होतं. त्याला आधी सेंटर फिल्डला (आउटफिल्डच्या मधोमध) ठेवा, लांब फेक आठवड्यातून तीनदा, अंतर हळूहळू वाढवत. पिचिंग दिवाळीनंतर.

बॅटिंगमध्ये क्रिकेटवाले खालचा चेंडू झकास मारतात, छातीच्या उंचीचा आतला चेंडू अडवायला जातात. टी छातीएवढी उंच करून वीस चेंडू द्या, लगेच कळेल. झेलायला दोन्ही हात पुढे नेतात, त्यामुळे ग्लव्हमधून चेंडू काढताना उशीर होतो. तो उशीर महिन्याभरात जातो, त्यावरून नापास करू नका.

डावखुरा_रिलीव्हर
एक जोडतो. पिचर कोणीही असो, मोजणी ठेवा. १७-१८ वयाला दिवसाला जास्तीत जास्त १०५ चेंडू. ३१ ते ४५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ६० पर्यंत दोन, ८० पर्यंत तीन, ८१ च्या पुढे चार. चाचणीचे चेंडूही यातच धरायचे, लोक ते विसरतात.

आणि घसरत बेस गाठायला शिकवायचं असेल तर ओलं गवत याच दिवसांत मिळतं. बूट काढून, मोज्यांवर.

होमप्लेटच्या_मागे
सप्टेंबर संपल्यावर पुन्हा चाचणी घ्याल तेव्हा स्टॉपवॉच त्याच माणसाच्या हाती द्या. माणूस बदलला की बोटाच्या फरकानं दोन दशांश सहज इकडेतिकडे होतात, आणि कॅचरचा निकाल तेवढ्यावरच ठरतो.